विजयाचे वस्त्र आणि त्याची नोंद

थोर माणसाच्या अंगावरील वस्त्राविषयी आपणांस वाटणारी ओढ फार जुनी आहे. आजोबांची पगडी पेटीत जपून ठेवणारे घर आणि आवडत्या खेळाडूच्या सदऱ्यासाठी हजारो रुपये मोजणारा तरुण, या दोघांची भावना मुळात एकच होय. या भावनेतूनच अमेरिकेत एक निराळा छंद रूढ झाला आहे.

खेळाडूंची चित्रे असलेली कार्डे जमविण्याची हौस तेथे पूर्वीपासूनच होती. 1990 नंतरच्या दशकात 'अपर डेक'सारख्या कंपन्यांनी, खेळाडूने प्रत्यक्ष सामन्यात घातलेल्या जर्सीचा लहानसा तुकडा कार्डात बसवून विकण्यास आरंभ केला. क्रमांकाचा, नावाचा किंवा बोधचिन्हाचा रंगीत भाग ज्यात आला असेल, त्या तुकड्याला अधिक किंमत येते. 2003 मध्ये 'डॉनरस' या कंपनीने बेसबॉलचे महान खेळाडू बेब रूथ यांची एक जर्सी अडीच लाखांहून अधिक डॉलर देऊन घेतली आणि कार्डांसाठी कापली. अशी वस्त्रे जगात फारच थोडी उरलेली असल्यामुळे अनेकांनी या कृत्याचा निषेध केला. एक वस्तू अनेकांच्या हाती पोचली हे खरे. पण ती वस्तू मात्र कायमची नाहीशी झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कापडाच्या त्या तुकड्याला स्वतःचे असे मोल काहीच नसते. मोल असते ते कार्डाच्या मागील बाजूस छापलेल्या हमीला. ही हमी बारकाईने वाचावी लागते. 'सामन्यात वापरलेले' आणि 'खेळाडूने अंगात घातलेले' या दोहोंत मोठे अंतर आहे. दुसऱ्या प्रकारात खेळाडूने तो सदरा केवळ काही क्षण अंगावर चढविलेला असू शकतो. कित्येक कार्डांवर तर हा तुकडा कोणत्याही विशिष्ट सामन्यातील नाही, असेच स्पष्ट लिहिलेले असते. म्हणूनच जाणते संग्राहक सामन्याच्या छायाचित्रांशी जर्सीवरील शिवण, डाग व फाटलेली जागा ताडून पाहतात. तात्पर्य, नोंद असेल तर ते वस्त्र इतिहास ठरते. नोंद नसेल तर ती केवळ चिंधी होय.

नोंदीचे हे महत्त्व परदेशी छंदापुरतेच मर्यादित आहे, असे मात्र कोणी समजू नये. आपल्या चंदीगडमधील एका ब्लेझरची हकीकत हेच सांगते.

हॉकीपटू बलबीर सिंग (सीनियर) यांचे उत्तरायुष्य या शहरात गेले. 1948 लंडन, 1952 हेलसिंकी आणि 1956 मेलबर्न अशा तीन ऑलिंपिक स्पर्धांत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघांत ते होते. हेलसिंकीच्या अंतिम सामन्यात भारताने नेदरलँड्सवर केलेल्या सहा गोलांपैकी पाच त्यांचे होते. मेलबर्नला ते कर्णधार होते. त्या वेळचा आपला कर्णधाराचा ब्लेझर, विविध स्पर्धांतील 36 पदके आणि शंभराहून अधिक छायाचित्रे त्यांनी 1985 मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या स्वाधीन केली. नियोजित राष्ट्रीय क्रीडा संग्रहालयात ती सर्वांना पाहता यावीत, एवढीच त्यांची इच्छा होती. 2012 च्या लंडन ऑलिंपिकच्या सुमारास त्या वस्तूंची चौकशी झाली, तेव्हा त्या प्राधिकरणाकडे सापडल्या नाहीत. वारंवार विचारणा करूनही त्या परत न मिळताच 25 मे 2020 रोजी त्यांचे निधन झाले.

बेब रूथ यांचे वस्त्र कापले गेले, तरी त्याचे तुकडे कोठे आहेत हे सांगता येते. येथे मात्र अखंड दिलेले वस्त्रच हरवले. देणाऱ्याच्या मनाचा मोठेपणा वस्तूचे रक्षण करू शकत नाही. ते काम नोंदवहीचे असते.

चंदीगडचेच दुसरे नामांकित रहिवासी मिल्खा सिंग यांनी 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये 400 मीटर शर्यतीत वापरलेले बूट 2012 मध्ये धर्मादाय लिलावासाठी दिले. हेलसिंकीतच कुस्तीचे कांस्यपदक मिळविणारे कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांच्या कुटुंबाने 2017 मध्ये, कुस्ती अकादमीसाठी ते पदक लिलावात काढण्याचा मनोदय जाहीर केला होता. दान, लिलाव की घरातील कपाट, हा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. परंतु वस्तूची कहाणी लिहून ठेवण्याचे कर्तव्य कोणत्याही मार्गात चुकत नाही.

आपल्या घरी जिल्हा स्पर्धेतील कबड्डीचा बनियन किंवा शाळेच्या संघाचा ब्लेझर असेल, तर एवढे अवश्य करावे. कोणी, कोठे, कोणत्या वर्षी तो वापरला हे कागदावर लिहून, तो कागद वस्त्रासोबत ठेवावा. अंगात घातलेला असतानाचे छायाचित्र असल्यास तेही जोडावे. मैदानावरचा डाग घासून काढू नये. तोही पुरावाच आहे. वस्त्र उन्हापासून व ओलाव्यापासून दूर, स्वच्छ सुती कापडात गुंडाळून ठेवावे. आणि संस्थेला काही देताना प्रत्येक वस्तूची यादी करून, तारीख व सही असलेली पोच अवश्य घ्यावी. पोच मागण्यात अविश्वास नाही. आपल्यानंतर येणाऱ्या पिढीला ती वस्तू शोधता यावी, यासाठी केलेली ती तजवीज आहे.