‘श्वास रोखा’ म्हणजे नेमके काय?

गेल्या वर्षी पासष्टीच्या एक मावशी कावीळ झाली म्हणून माझ्याकडे आल्या. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज. सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली दिसली. पण अडथळा खड्याचा की गाठीचा, हे पोटातील वायूमुळे कळेना. म्हणून पित्तनलिकेच्या एम.आर.आय. तपासणीसाठी मी त्यांना शहरात पाठविले. अहवाल आला : श्वासाच्या हालचालीमुळे चित्रे अस्पष्ट, निश्चित निदान शक्य नाही. पैसे गेले आणि प्रश्न तेथेच राहिला.

मावशींना विचारले, तर म्हणाल्या, "डाक्टर, कुणीतरी बाई कायतरी बोलत हुती. मला वाटलं, त्यांचं त्यांचं चाललंय!"

मावशींना कमी ऐकू येते हे मला ठाऊक होते. मी ते चिठ्ठीत लिहिले नव्हते, आणि आत काय करायचे हे त्यांनाही सांगितले नव्हते. चूक माझी होती.

श्वासाला एवढे महत्त्व का? फुप्फुसांच्या खाली श्वासपटल नावाचा घुमटासारखा स्नायू असतो. श्वास घेताना तो खाली येतो आणि यकृत, स्वादुपिंड, मूत्रपिंडे यांनाही खाली ढकलतो. साध्या श्वासातही यकृत एक ते दोन सेंटिमीटर सरकते. खडा मात्र कधी कधी चार-पाच मिलिमीटरचाच असतो. हलत्या पाळण्यातील बाळाचा फोटो जसा पुसट येतो, तसेच येथे होते.

सी.टी. स्कॅनने 1971 मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाची तपासणी झाली ती मेंदूची. कवटीतला मेंदू श्वासाबरोबर असा सरकत नाही. पोटाचे काम अवघड होते. पूर्वी एकेका छेदासाठी श्वास रोखावा लागे आणि दर वेळी तो कमी-जास्त झाला, तर लहानशी गाठ दोन छेदांच्या मधून निसटू शके. आता सी.टी. काही सेकंदांत, एकाच श्वासात होते. एम.आर.आय. मात्र संथ. त्यात पंधरा-वीस सेकंद श्वास रोखणे पुन्हा पुन्हा करावे लागते. काही चित्रांना तर कित्येक मिनिटे लागतात. तेव्हा पोटावर पट्टा बांधून किंवा श्वासपटलाची हालचाल टिपून यंत्र श्वासाची लय ओळखते आणि श्वास सोडल्यानंतरच्या शांत क्षणीच चित्र घेते. पण श्वासच अनियमित असेल, तर यंत्राचाही नाइलाज होतो.

दुसऱ्या वेळी मी मावशींकडून दवाखान्यातच सराव करून घेतला. केंद्राच्या परवानगीने, अंगावरचे सगळे धातू काढून, सूनबाई आत उभ्या राहिल्या. सूचना आली की त्या मावशींच्या पायाला हात लावून खूण करीत. चित्रे स्वच्छ आली. नलिकेच्या खालच्या टोकाला खडा होता. तो दुर्बिणीतून काढला, पोट उघडावे लागले नाही. कावीळ उतरली.

वाचकहो, पोटाच्या तपासणीला जाताना एवढे लक्षात ठेवा :

1. ऐकू कमी येत असेल, सूचनांची भाषा समजत नसेल, दमा असेल किंवा बंद जागेची भीती वाटत असेल, तर आधीच सांगा.

2. श्वास घेऊन रोखायचा की सोडून रोखायचा, हे विचारून घ्या. दर वेळी सारखाच रोखा. फार खोल नको.

3. घरी दोन दिवस पंधरा सेकंदांचा सराव करा.

4. जमत नसेल तर लाजू नका. तंत्रज्ञाला सांगितले, तर पद्धत बदलता येते. सी.टी. पुन्हा करावी लागली, तर किरणोत्सर्गही पुन्हा घ्यावा लागतो.

आणि माझ्या डॉक्टर मित्रांनो, चिठ्ठी लिहिल्यावर दोन मिनिटे रुग्णाशी बोला. मी आता बोलतो.