कार्ड दिसतंय, नेट लागत नाही

औंढा नागनाथ तालुक्यातल्या आमच्या शिरड शहापूरसारख्या गावात लॅपटॉप येतो तो बहुधा वापरलेलाच. त्यावरचं विंडोज जड झालेलं असतं. कुणीतरी उबुंटू हे लिनक्स टाकून देतो, मशीन पुन्हा पळायला लागतं आणि वायफायपाशी येऊन सगळं अडतं. या अडचणीचं गेल्या वीस वर्षांत काय झालं, ते नोंदवून ठेवायला हवं. ती सोडवणाऱ्या माणसांची नावं आपल्याकडे कुणी घेत नाही.

२००५ नंतरची काही वर्षं उबुंटूची सीडी टपालाने फुकट मिळायची. मागणी नोंदवायची आणि वाट बघायची. ही सोय एप्रिल २०११मध्ये बंद झाली, तोवर जिथे पोस्टमन जातो तिथे लिनक्स जाऊ शकत होतं. खरी पंचाईत सीडी टाकल्यानंतर व्हायची. वायफायचा ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवायचा आणि इंटरनेट लागायला तोच ड्रायव्हर हवा. शहरात लॅनची केबल लावून काम भागे. गावात आधार मोबाइल नेटच्या यूएसबी डोंगलचा. पण लॅपटॉपला जोडल्यावर बरेच डोंगल स्वतःला सीडी म्हणून दाखवत, कारण त्यांच्या पोटात विंडोजचं सॉफ्टवेअर भरलेलं असे. त्यांना मोडेम म्हणून जागं करायला ‘यूएसबी मोडस्विच’ नावाची वेगळी आज्ञावली लागे.

मुळात वायफायचं कार्ड का चालत नसे? चिपशी बोलायला ड्रायव्हर लागतो आणि बहुतेक चिपना सुरू होताना आपलं फर्मवेअरही भरून घ्यावं लागतं. कंपन्या दोन्ही गोष्टी विंडोजसाठी देत आणि चिपची माहितीपत्रकं कुणाला दाखवत नसत. ब्रॉडकॉमची कार्डं तेव्हा असंख्य लॅपटॉपमध्ये होती आणि लिनक्सवाल्यांना सर्वांत जास्त छळलं ते त्यांनीच. २००३मध्ये ‘एनडीआयएसरॅपर’ आला. विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्सच्या आत चालवायची ती युक्ती होती. नेट लागायचं, पण आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नसल्यामुळे बिघाड झाला की हात टेकावे लागत.

पुढचं काम मात्र मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं वाटतं. काही जणांनी ब्रॉडकॉमचा बंद ड्रायव्हर यंत्रभाषेच्या पातळीवर वाचून काढला. चिपच्या कुठल्या नोंदीत कुठला आकडा लिहिला की काय घडतं, एवढंच त्यांनी साध्या शब्दांत मांडलं. मग मूळ ड्रायव्हर कधीच न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला. नक्कल केल्याचा आरोप येऊ नये म्हणून ही भिंत जाणूनबुजून पाळली होती. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा; त्याच्या जून २००६च्या २.६.१७ या आवृत्तीत तो ड्रायव्हर दाखल झाला आणि पुढे त्याचाच ‘बी४३’ झाला. फर्मवेअर मात्र ब्रॉडकॉमचं असल्यामुळे ते वाटता येत नव्हतं; प्रत्येकाला ते कंपनीच्या ड्रायव्हरमधून स्वतः कापून काढावं लागे.

या कामात पुढे आलेलं एक नाव लॅरी फिंगर यांचं. ते स्फटिकरचनांचे अभ्यासक, ‘फिंगेराइट’ हे खनिज त्यांच्याच नावावर आहे. साठी ओलांडल्यावर ते कर्नलच्या कामात उतरले आणि ब्रॉडकॉमनंतर रिअलटेकची कार्डं त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळली. रिअलटेकच्या एका चिपला काही स्वस्त लॅपटॉपमध्ये एकच अँटेना जोडलेला असे आणि ड्रायव्हर ऐकत राही भलत्याच जोडणीवर. राउटर शेजारी असूनही रेंज येत नसे. उपाय एका ओळीचा: ‘अँट_सेल’ या पर्यायाला १ किंवा २ द्यायचं. हा पर्याय माहीत नसल्यामुळे किती चांगली मशीनं बिघडलेली समजून बाजूला पडली असतील! फिंगर जून २०२४मध्ये गेले. ज्यांचा लॅपटॉप त्यांच्यामुळे चालतो, त्यांतल्या बहुतेकांना ही बातमी कळलीही नसेल.

कंपन्याही हळूहळू वळल्या. अथेरॉसने २००८मध्ये खुला ड्रायव्हर दिला, ब्रॉडकॉमने २०१०मध्ये. पुढे रिअलटेकचे नवे ड्रायव्हरही कर्नलमध्येच येऊ लागले. डेबियन या लिनक्सच्या वितरणाने २०२२मध्ये मतदान घेऊन बंद फर्मवेअरही इन्स्टॉलरमध्ये ठेवायचं ठरवलं आणि २०२३च्या बाराव्या आवृत्तीत ते आलं. फक्त खुलं सॉफ्टवेअर देण्याच्या तत्त्वाला त्यामुळे मुरड पडली, हे खरं. पण जिथे लॅनची केबलच नाही, तिथल्या माणसाच्या बाजूने तो निर्णय झाला, असं मी मानतो.

गावापुरतं बोलायचं तर मोठा फरक फोनने केला. २०१६नंतर डेटा स्वस्त झाला. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू केलं की लिनक्सला तो नेटवर्क कार्डासारखाच दिसतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. ‘ड्रायव्हरसाठी नेट, नेटसाठी ड्रायव्हर’ हा फेरा तिथेच तुटला.

लिनक्स चालणं इथे आणखी एका कारणाने महत्त्वाचं आहे. आमच्याच औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३मध्ये केंद्राने तिच्यासाठी २,६०० कोटींना मंजुरी दिली. गुरुत्वीय लहरींची माहिती जगभर लिनक्सच्याच संगणकांवर तपासली जाते. इथल्या पोरांना ते काम करायचं असेल, तर घरच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स चालणं ही त्याची पहिली पायरी आहे.

वायफायची अडचण मात्र पूर्ण संपलेली नाही. मीडियाटेकची एमटी७९०२ ही चिप बाजारात येऊन बरीच वर्षं झाली तरी तिला लिनक्सचा ड्रायव्हर नव्हता. म्हणून जुना लॅपटॉप घेताना पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून दुकानातच वायफाय लावून बघावं. नाही लागलं, तर ‘एलएसपीसीआय -एनएन’ ही आज्ञा देऊन कार्डाचा क्रमांक लिहून घ्यावा. कार्ड सुटं असेल आणि लॅपटॉपचं बायोस दुसरं कार्ड स्वीकारत असेल, तर इंटेलचं जुनं कार्ड बसवणं हा सर्वांत सोपा मार्ग.