बोलणारं गाढव आणि सुसाट पळणारी भूतआजी: 'दानदादान' का आवडतं, याचं उत्तर नारायणगावच्या वगात आहे

एक मुलगी. तिचा भुतांवर विश्वास, एलियनवर नाही. एक मुलगा. त्याचा एलियनवर विश्वास, भुतांवर नाही. दोघांची पैज लागते. ती एलियन शोधायला एका पडक्या दवाखान्यात जाते, तो भूत शोधायला बोगद्यात. झालं असं की दोघांनाही नको ते भेटतं. मुलाला गाठते ती टर्बो ग्रॅनी, म्हणजे गाडीच्या वेगाने पळणारी एक म्हातारी. ती त्याला शाप देते आणि त्याच्या शरीराचा असा अवयव पळवते, ज्याचं नाव घरी सगळ्यांसमोर घेता येत नाही.

हे आहे 'दानदादान'. युकिनोबू तात्सू यांची ही मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, 2021 मध्ये सुरू झाली. ऑक्टोबर 2024 मध्ये 'सायन्स सारू' या स्टुडिओने तिची ॲनिमे मालिका आणली. नेटफ्लिक्समुळे ती भारतातही पोचली. पहिला भाग बघून बरेच जण म्हणतात, "हे काय चाललंय?" आणि मग रात्रभर पुढचे भाग बघत बसतात.

हा प्रकार मराठी माणसाला नवा वाटायचं खरं तर कारण नाही. पुणे-नाशिक महामार्गावर जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव आहे. याला तमाशापंढरी म्हणतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड इथला, विठाबाई नारायणगावकर याच घरातल्या. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर, आंबेगाव आणि लांबलांबच्या गावांचे यात्रा कमिटीवाले येतात, राहुट्या फिरतात, घासाघीस करतात आणि आपल्या ग्रामदैवताच्या जत्रेसाठी सुपारी देऊन जातात.

या तमाशात गण, गवळण, बतावणी झाली की शेवटी येतो वग. वगात काय चालतं याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे 'गाढवाचं लग्न'. इंद्राच्या दरबारातल्या एका गंधर्वाला शाप मिळतो आणि तो पृथ्वीवर गाढव होऊन येतो. ते गाढव सापडतं सावळ्या कुंभाराला. एक दिवस गाढव चक्क बोलायला लागतं. मागणी काय, तर राजाच्या मुलीशी लग्न लावून दे! मावळातल्या इंदुरीच्या दादू इंदुरीकरांनी हा सावळ्या असा रंगवला की वग आणि त्यांचं नाव वेगळं काढता येत नाही. पुढे मकरंद अनासपुरेंचा सिनेमाही आला.

शाप, विचित्र प्राणी, चावट विनोद आणि मध्येच डोळ्यांत पाणी. दोन्हीकडे साहित्य तेच आहे. पण नुसतं विचित्र असून भागत नाही. विचित्र गोष्टी कितीतरी निघतात आणि पडतात.

मग चालतं ते कशामुळे?

पहिली गोष्ट म्हणजे अजब प्रकार घडला तरी माणसं साधीच वागतात. गाढव बोललं म्हणून सावळ्या तत्त्वज्ञान सांगत बसत नाही. तो घाबरतो, बायकोला हाक मारतो, मग यात आपला फायदा काय याचा हिशोब करतो. 'दानदादान'मध्ये मोमो आणि ओकारून यांच्यावर राक्षस चालून आलेला असतो आणि ही दोघं भांडत असतात ती भलत्याच कारणावरून. प्रेक्षकाला गाढव पटलं नाही तरी चालतं, कुंभार पटला पाहिजे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हसवता हसवता काहीतरी बोचतं. एका कुंभाराने राजाकडे जाऊन मुलगी मागायची, तीही गाढवासाठी! हे सरळ बोलला असता तर सावळ्याची मान उडाली असती. गाढव मध्ये असल्यामुळे राजाच्या दरबारात त्याला सगळं बोलता येतं. सोंगाड्याचं कामच ते. तो राजाच्या आडून गावच्या सरपंचाची, पाटलाची, वेळ आली तर मंत्र्याचीही खेचतो. पूर्वी वगाचे संवाद बरेचसे तोंडीच असायचे, त्यामुळे आज ज्या गावात खेळ, त्या गावची भानगड त्यात घुसायची. ॲनिमेला हे जमत नाही. प्रत्येक फ्रेम आधीच काढलेली असते.

'दानदादान'ची बोच वेगळ्या जागी आहे. जिला बघून आपण हसतो त्या टर्बो ग्रॅनीबद्दल नंतर कळतं की, ती वाईट मरण आलेल्या मुलींच्या आत्म्यांना धीर देत होती. ॲक्रोबॅटिक सिल्की या लांब केसांच्या भुताची गोष्ट तर एका आईची आहे, आणि त्या भागात विनोद जवळजवळ थांबतोच. म्हणजे इथे भूत हा खलनायक कमी आणि कुणीच दखल न घेतलेला माणूस जास्त. पुढे हीच म्हातारी मांजराच्या बाहुलीत अडकून मोमोच्या घरात राहायला लागते. खेकसते, टोमणे मारते. घरातलीच झाली की!

अडचण कुठे आहे?

जगभरातल्या तरुणांना आज हा मसाला आवडतोय आणि नारायणगावच्या फडांवर मात्र नेमका वगच आकसत चाललाय. कारण साधं आहे. वग येतो सगळ्यात शेवटी. पूर्वी तो पहाटेपर्यंत चालायचा. रात्री 10 नंतर लाऊडस्पीकर बंद हा नियम आल्यावर, खास सवलतीचे मोजके दिवस सोडले, तर पहिली कात्री शेवटच्या भागालाच लागते. त्यात समोरून सिनेमाच्या गाण्यांची फर्माईश असते. गाण्यांवर टाळ्या-शिट्ट्या मिळतात, मग फडमालकही गाणी वाढवतो. त्याला दोष देता येत नाही. 2020 आणि 2021 असे दोन चैत्र कोरोनात बुडाले, डोक्यावर कर्ज आणि पदरी कलाकारांची कुटुंबं.

यात नुकसान सोंगाड्याचं जास्त होतं. नाचगाणं शिकवणारे भेटतात, पण गाढवाशी बोलताना किती वेळ थांबायचं, समोरच्या गर्दीतून उठलेल्या शेऱ्याला काय उत्तर द्यायचं, हे बोर्डावर उभं राहूनच कळतं. त्यासाठी वग उभा राहावा लागतो आणि सलग चालावा लागतो. कमिटीवाले राहुटीत बसून सुपारी ठरवतात तेव्हा गाणी किती, नाचणाऱ्या मुली किती हे विचारतात. वग कोणता, हेही त्यांना तिथेच विचारता येतं.