इंदिरानगरहून कोकण किनाऱ्याकडे : छोट्या विमानाची पूर्वतयारी

बंगळुरूतील इंदिरानगरला लागूनच एच.ए.एल.चा जुना विमानतळ असून, 2008 मध्ये देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू झाल्यावर तेथील नियमित प्रवासी वाहतूक तिकडे गेली. ब्रिटनमधील हौशी वैमानिक इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सच्या ल तुके गावी जातात, तशी सफर इथून सिंधुदुर्गातील चिपी विमानतळापर्यंत आखता येते.

हवाई अंतर साधारण 560 किलोमीटर असल्याने सेस्ना 172 सारख्या एका इंजिनाच्या विमानाला अडीच ते तीन तास लागतात. मात्र हे विमान एव्हगॅस, म्हणजे विमानांसाठीचे खास पेट्रोल, वापरते आणि ते सर्वत्र मिळत नसल्यामुळे परतीच्या इंधनाची सोय आधीच करावी लागते. उड्डाण आराखडा, हवामानाचा अहवाल आणि हवाई संरक्षण यंत्रणेचा परवाना क्रमांक हाती आल्याविना निघता येत नाही.

खरी कसोटी बेळगावनंतर, आंबोली घाटाजवळ लागते, कारण जून ते सप्टेंबर सह्याद्रीचे माथे ढगांत बुडालेले असतात आणि जमीन पाहून उडणाऱ्या वैमानिकाला ढगांत शिरण्याची मुभा नसते. घाट झाकलेला दिसताच बेळगावला उतरता यावे, एवढे इंधन शिल्लक ठेवणे अत्यावश्यक आहे.