मेनूवरचा शब्द आणि त्यामागची आज्ञा

कलाशाखेच्या विद्यार्थ्याला संगणकाच्या प्रोग्रॅमशी काय करायचे आहे, असे कोणी विचारील. माझ्या मते हा विषय थेट भाषेचा आहे. पडद्यावरच्या मेनूत एक शब्द असतो. तो निवडला की काम होते. शब्द आणि काम यांची गाठ कशी बांधली जाते, ते येथे थोडक्यात सांगतो.

ॲपल कंपनीचा लिसा संगणक १९८३ साली आणि मॅकिंटॉश १९८४ साली आला. माउस आणि पडद्याच्या माथ्यावरची मेनूची पट्टी त्यांमुळे लोकांच्या ओळखीची झाली. त्याबरोबर प्रोग्रॅम लिहिण्याची रीतही पालटली. कोणते काम आधी आणि कोणते नंतर, हे आता वापरणारा ठरवतो. प्रोग्रॅम वाट पाहत बसतो. मेनूतील शब्द निवडला की ‘घटना’ घडते आणि तिच्यासाठी आधीच नेमून ठेवलेल्या भागाला वर्दी जाते. जावा भाषेत या भागाला ‘ॲक्शन लिसनर’ म्हणतात. आपण त्याला ‘श्रोता’ म्हणू.

समजा, बेंबळीच्या एखाद्या दुकानदारासाठी उधारीच्या खात्याचा प्रोग्रॅम लिहिला. मेनूत ‘सेव्ह’, ‘प्रिंट’ आणि ‘डिलीट’ असे तीन शब्द ठेवले आणि तिन्हींसाठी एकच श्रोता नेमला. आता कोणता शब्द निवडला गेला, हे त्याने ओळखायचे कसे? सोपा मार्ग म्हणजे शब्दच ताडून पाहणे. जावामध्ये आज्ञेला वेगळे नाव दिले नाही, तर मेनूवरचा शब्दच तिचे नाव धरला जातो. त्यामुळे हा मार्ग बिनबोभाट चालतो.

पुढे कोणी दुकानदाराच्या सोयीसाठी ‘सेव्ह’च्या जागी ‘साठवा’ असे लिहिले. श्रोता मात्र अजून ‘सेव्ह’ हाच शब्द शोधतो आहे. तो जुळत नाही, म्हणून काहीच होत नाही. चुकीची सूचनाही येत नाही. दुकानदार ‘साठवा’ निवडतो, निश्चिंत मनाने यंत्र बंद करतो आणि दिवसभराची उधारी नाहीशी होते. मराठी आणली म्हणून प्रोग्रॅम बिघडला, असा ठपका मग भाषेवर येतो. दोष भाषेचा नसून बांधणीचा असतो.

यावर उपाय एकच. दिसणारा शब्द वेगळा आणि आज्ञेची आतली खूण वेगळी ठेवावी. २०२३ साली आपल्या उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. पण बेंबळीला येणारे पत्र वाट चुकले नाही, कारण पिनकोड तोच राहिला. लिब्रेऑफिसमध्ये हेच तत्त्व पाळलेले आहे. तेथे प्रत्येक आज्ञेला न बदलणारी खूण असते आणि मराठी, तमिळ वा फ्रेंच शब्द निराळ्या फाइलींत राहतात.

दुसरा नियम असा की, दारे कितीही असली तरी काम एकाच ठिकाणी लिहावे. साठवण्याची आज्ञा मेनूतून देता येते, चित्राच्या बटणावरून देता येते आणि कंट्रोल-एस दाबूनही देता येते. तिन्हींसाठी तीच कृती तीनदा लिहिली, तर एक दुरुस्त होते आणि दोन तशाच राहतात. म्हणून जावाच्या स्विंगमध्ये ‘ॲक्शन’ आणि क्यूटीमध्ये ‘क्यूॲक्शन’ अशी सोय आहे. कृती एकदाच लिहायची आणि सर्व दारे तिला जोडायची. साठवण्यासारखे काही नसेल तेव्हा ती एका जागी बंद केली की मेनूतला शब्द आणि बटण दोन्ही एकदम फिकट होतात.

तिसरी गोष्ट वेळेची. स्विंगमध्ये वर्दी देणे आणि पडदा रंगवणे ही दोन्ही कामे एकच धागा करतो. श्रोता वर्षभराचा हिशेब मांडत बसला, तर तोवर पडदा गोठतो. लांबलचक काम दुसऱ्या धाग्याकडे सोपवून श्रोत्याने लगेच मोकळे व्हावे.

एवढी शिस्त पाळली की पुढचे काम आपल्याकडे येते. ‘साठवा’ म्हणावे की ‘जतन करा’? ‘डिलीट’ला ‘खोडा’ बरे की ‘काढून टाका’? हे प्रश्न मराठीच्या विद्यार्थ्याचे आहेत. खूण आत सुरक्षित असली, तर त्यांवर हवा तेवढा वाद घालावा आणि शब्द खुशाल बदलावेत. दुकानदाराच्या खात्याला धक्का लागणार नाही.