हरित पोलादाचा पोलादी सांगाडा

झोतभट्टीत लोहखनिजातील ऑक्सिजन काढून घेण्याचे काम कोक, म्हणजे हवाबंद भट्टीत भाजलेला दगडी कोळसा, करतो आणि त्यापायी दर टन पोलादामागे सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. तेच काम हायड्रोजनकडे सोपवल्यास उरते ती पाण्याची वाफ. या तत्त्वावर उत्तर स्वीडनमधील बोडेन येथे ‘स्टेग्रा’ ही कंपनी, जिचे नाव २०२४ पर्यंत ‘एचटू ग्रीन स्टील’ असे होते, पहिल्या टप्प्यात वर्षाला २५ लाख टन पोलादाचा कारखाना उभारत आहे. त्यामागील रसायनशास्त्राची चर्चा पुष्कळ होते. ते ज्या सांगाड्याच्या आधारे घडायचे, त्याची मात्र फारशी नाही.

खनिजाच्या भाजलेल्या गोळ्या उभ्या भट्टीच्या माथ्यावरून सोडल्या जातात, त्या स्वतःच्या वजनाने खाली सरकतात आणि खालून चढणारा तप्त हायड्रोजन त्यांतील ऑक्सिजन ओढून घेतो. न वितळताच तयार होणारे हे सच्छिद्र लोखंड म्हणजे स्पंज आयर्न. (रायगड जिल्ह्यात डोलवी येथे अशी भट्टी नैसर्गिक वायूवर चालत आली आहे.) सारी भिस्त गुरुत्वाकर्षणावर असल्याने भट्टी उंच मनोऱ्यातच बसवावी लागते. भट्टी तापली की प्रसरण पावते, म्हणून मनोऱ्याने तिचा भार पेलायचा, पण तिला जखडून ठेवायचे नाही, आणि वर वाऱ्याचा जोरही सोसायचा, अशी ही दुहेरी कसरत असते.

पुढे हे स्पंज आयर्न वितळवणाऱ्या विद्युत भट्टीच्या शेडमध्ये प्रश्न वेगळाच उभा राहतो. द्रव पोलादाने भरलेले लेडल, म्हणजे ओतायचे भांडे, उचलणारी क्रेन खांबांवर टेकलेल्या गॅन्ट्री गर्डरवरून, म्हणजे तिचे रूळ पेलणाऱ्या तुळयांवरून, अहोरात्र ये-जा करते. एकदा आलेला भार गर्डर सहज पेलतो, परंतु लाखो फेऱ्यांनंतर वेल्डिंगच्या सांध्यापाशी केसाएवढी चीर सुरू होऊ शकते. या ‘फटीग’चा हिशेब आराखड्यातच करावा लागतो. त्यात बोडेनची थंडी उणे ३० अंशांपर्यंत जाते आणि अशा गारठ्यात साधे पोलाद काचेसारखे तडकू शकते, म्हणून खाच पाडलेल्या थंडगार नमुन्यावर लोलकाचा घाव घालून त्याची चिवटता तपासली जाते. वेल्डिंग शक्यतो आधीच कार्यशाळेत उरकून जागेवर तुळया बोल्टने जोडणे हेही तिथे शहाणपणाचे ठरते.

गंमत अशी की बोडेनला बनणार ते सपाट पत्रे, तुळया नव्हेत. म्हणजे हा कारखाना स्वतःचा सांगाडा स्वतः घडवू शकत नाही. तुळयांसाठी भंगार वितळवून केलेले पोलाद चालते, लक्झेंबर्गमधील डिफरडांज येथे ते होतेही. तरी कोळशाच्या पोलादाचेच १ लाख टन लागले असे धरले, तर सुमारे २ लाख टन कार्बन डायऑक्साइडचे कर्ज डोक्यावर चढते. पूर्ण क्षमतेने चालणारा असा कारखाना ते साधारण पंधरवड्यात फेडील. अट एवढीच की तो सुरू व्हायला हवा, आणि २०२५ मध्ये कंपनीला वाढीव निधीसाठी धावाधाव करावी लागली.