ग्राफिक्स कार्डाचे अद्ययावतीकरण

ग्राफिक्स कार्डाचे अद्ययावतीकरण म्हणजे संगणकातील जुन्या कार्डाऐवजी किंवा अंगभूत ग्राफिक्सऐवजी अधिक क्षमतेचे कार्ड बसवणे होय. कमी किमतीच्या संगणकात या बदलाची मर्यादा अनेकदा वीजपुरवठा संचामुळे ठरते. भारतातील बाजारात हा संच 'एसएमपीएस' या नावाने ओळखला जातो. स्वस्त कॅबिनेटसोबत तो पुष्कळदा आधीच बसवलेला मिळतो व खरेदीच्या वेळी त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

विजेची गरज

पीसीआय एक्सप्रेसच्या पूर्ण लांबीच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. त्याहून अधिक वीज लागल्यास संचातून स्वतंत्र केबल जोडावी लागते. सहा पिनांच्या जोडणीची मर्यादा ७५ वॅट, तर आठ पिनांच्या जोडणीची १५० वॅट आहे. एनव्हिडियाचे २०१४ मधील जीटीएक्स ७५० टीआय हे ६० वॅटचे कार्ड मूळ रचनेत केवळ खाचेतील विजेवर चालते. २०१६ मधील १२० वॅटच्या जीटीएक्स १०६० ला मात्र केबल लागते.

संचावरील आकडे

संचावर ठळकपणे छापलेले एकूण वॅट दिशाभूल करू शकतात. प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड मुख्यतः १२ व्होल्टच्या वाहिनीवर चालतात, त्यामुळे त्या वाहिनीचा अँपिअरचा आकडा पाहणे आवश्यक असते. तेथे १८ अँपिअर लिहिले असल्यास उपलब्ध वीज २१६ वॅट होते, मग खोक्यावर ४५० वॅट छापलेले का असेना. ६५ वॅटचा प्रोसेसर आणि १२० वॅटचे कार्ड मिळून १८५ वॅट होतात. डिस्क व पंखे धरल्यास फारच थोडी वीज शिल्लक राहते. '८० प्लस' हे चिन्ह कार्यक्षमता दर्शवते, क्षमता नव्हे.

संच अपुरा असल्यास खेळ किंवा चित्रफीत-संपादन चालू असताना संगणक अचानक बंद पडतो वा पुन्हा सुरू होतो. हा दोष पुष्कळदा नव्या कार्डाचाच समजला जातो. सहा पिनांची केबल नसताना साटा जोडणीवरून अडॅप्टर लावणे धोक्याचे आहे, कारण साटा जोडणीची १२ व्होल्टवरील मर्यादा ५४ वॅट आहे. त्यापुढे ती वितळू शकते.

बसवण्यापूर्वी

कॅबिनेटमधील मोकळी लांबी मोजावी. काही तयार संगणकांतील संचांचा आकार व जोडणी प्रमाणित एटीएक्स पद्धतीची नसते, त्यामुळे त्यात दुसरा संच बसत नाही. काम करताना मुख्य वीज बंद करून तार काढावी. संचाचे आवरण मात्र उघडू नये. त्यातील कपॅसिटरमध्ये तार काढल्यानंतरही घातक विद्युतभार राहू शकतो.